रात्रीचा हिशेब

मी बँकेत नोकरीला लागलो तेव्हा शाखेत संगणक नव्हते. संध्याकाळी काउंटर बंद झाले की खरे काम सुरू होई. दिवसभराची व्हाउचरे, लेजर, रोजकीर्द आणि तिजोरीतली रोकड यांचा मेळ जमल्याशिवाय कोणी घरी जायचे नाही, असा दंडकच होता. एखाद्या दिवशी नऊ रुपयांचा फरक निघे आणि ते नऊ रुपये शोधण्यासाठी सात-आठ माणसे रात्री साडेनऊपर्यंत आकड्यांवर बोट फिरवीत बसत. हा मेळ मी वर्षानुवर्षे इमानाने जमवला. पण त्याच दिवसात मी किती जणांवर खेकसलो, कुणाचा चेहरा पडलेला पाहिला आणि तरी मान वर केली नाही, याची नोंद कुठल्याच खात्यात नव्हती.

मी रागीट होतो. रागीट माणसे स्वतःला शिस्तप्रिय म्हणतात, तसे मीही म्हणत असे. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या एका नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांची हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागली होती. एका वृद्ध गृहस्थांनी अर्ज दुसऱ्यांदा चुकीचा भरला आणि मी त्यांना सगळ्यांच्या देखत नाही नाही ते बोललो. त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि ते निघून गेले. त्यानंतर ते बँकेत येत, पण माझ्यासमोर कधी उभे राहत नसत. शेजारची रांग कितीही लांब असली तरी त्यांना तीच बरी वाटे.

घरी वेगळे काय असणार? माझी स्कूटर फाटकाशी वाजली की मुलगी रियाज थांबवते, हे मला सौभाग्यवतींनी सांगितले, तेही पुष्कळ उशिरा. पुढे रक्तदाब वाढला आणि आमच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून देता देता एका समुपदेशकाचाही पत्ता दिला. मला तो अपमान वाटला. अशा ठिकाणी जायचे ते डोक्यावर परिणाम झालेल्यांनी, ही माझी समजूत. तरी गेलो. त्या गृहस्थांनी ना उपदेश केला, ना बालपण उकरले. एक वही करायला सांगितली आणि तिच्यात तीन रकाने आखायला लावले. काय घडले, त्या वेळी मी मनाशी काय म्हणालो आणि त्याचा परिणाम काय झाला. रोज रात्री झोपण्यापूर्वी ते भरायचे. बँकेच्या माणसाला रकाने आखायचे वावडे नसते. मी वही लिहू लागलो.

ही वही अमेरिकेतल्या कुणा मानसशास्त्रज्ञाच्या डोक्यातून निघाली असावी, असे मला कितीतरी दिवस वाटत होते. पुढे एका कादंबरीच्या निमित्ताने रोमचा इतिहास वाचायला घेतला आणि चकित झालो. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी एक माणूस रोज रात्री घरातला दिवा हलवला की अंथरुणावर पडल्या पडल्या नेमके हेच करीत होता. त्याची ही सवय ठाऊक असल्यामुळे त्याची बायको त्या वेळी गप्प राहत असे. त्याचे नाव सेनेका. रागावर त्याने तीन भागांचा ग्रंथ लिहिला आणि दैवाने त्याला शिष्य दिला तो नीरो. त्याची ही हकीकत.

लुशियस अॅनियस सेनेका याचा जन्म इसवी सनापूर्वी ४ च्या सुमारास स्पेनमधल्या कोर्दुबा, म्हणजे आजच्या कोर्दोबा शहरात झाला. वडील वक्तृत्वशास्त्राचे जाणकार आणि कडक, आईचे नाव हेल्व्हिया. तीन भावांत हा मधला. मावशीने त्याला कडेवर घेऊन रोमला आणले ते तो अगदी लहान असताना. पोर लहानपणापासून दम्याने हैराण. तरुणपणी आजार इतका विकोपाला गेला की जीव द्यावा असे त्याच्या मनात आले. म्हातारे वडील हे सहन करू शकणार नाहीत, एवढ्या एका विचाराने तो थांबला, असे त्याने पुढे एका पत्रात लिहून ठेवले आहे.

रोममध्ये त्याला गुरू चांगले मिळाले. ॲटलस नावाच्या स्टोइक पंथीय शिक्षकाच्या वर्गात तो सर्वांच्या आधी येऊन बसे आणि शेवटी उठे. सोटिअनच्या शिकवणीमुळे त्याने वर्षभर मांसाहार सोडला होता. वडिलांनी समजूत घातल्यावर तो पुन्हा सुरू केला. सेक्स्टियस नावाच्या तत्त्वज्ञाची शिकवण त्याच्या कानावर आली तीही याच काळात. दिवस संपल्यावर आपल्या मनाला उभे करून जाब विचारायचा, आज कोणता दोष आवरला, कुठे सुधारलो, हे पाहायचे, हा सेक्स्टियसचा नेम. सेनेकाने तो उचलला. आमच्या समुपदेशकांच्या वहीचा मूळपुरुष शोधत गेले तर निदान इथपर्यंत माग लागतो.

पुढे तो वकिली आणि राजकारणात शिरला, सिनेटचा सभासद झाला आणि नामांकित वक्ता म्हणून गाजू लागला. तेच अंगाशी आले. इ. स. ३७ मध्ये कॅलिग्युला गादीवर बसला. या सम्राटाला दुसऱ्याची वाहवा सहन होत नसे. डिओ हा इतिहासकार सांगतो की, सेनेकाचे एक भाषण फार रंगले म्हणून कॅलिग्युलाने त्याला ठार मारायचे ठरवले होते. हा क्षयाने आपोआपच मरणार आहे, अशी एका बाईने खात्री दिली म्हणून तो वाचला. लहानपणापासून छळणाऱ्या छातीच्या दुखण्याने त्याचा जीव वाचवला म्हणायचा.

रागावरच्या ग्रंथात कॅलिग्युला पुन्हा पुन्हा येतो. पास्टर नावाच्या एका सरदाराची गोष्ट तर वाचवत नाही. त्याच्या मुलाचे नटणे-मुरडणे सम्राटाला खुपले, एवढ्यावरून त्याला कैद झाली. बापाने गयावया केली, तर सम्राटाने मुलाला तत्काळ मारायला लावले आणि त्याच संध्याकाळी बापाला जेवायला बोलावले. पास्टर गेला. समोर आलेला प्याला प्याला, डोक्याला सुगंधी तेल लावून घेतले आणि चेहऱ्यावर काही उमटू दिले नाही. असे का, याचे उत्तर सेनेका देतो. त्याला आणखी एक मुलगा होता. हे वाचले की रोममध्ये राग हा विषय किती जिवावरचा होता ते कळते. तिथे मोठ्यांच्या रागाने माणसे मरत आणि लहानांना राग गिळून जगावे लागे.

इ. स. ४१ मध्ये कॅलिग्युलाचा खून झाला आणि क्लॉडियस सम्राट झाला. सेनेकाची सुटका मात्र नव्हती. क्लॉडियसची पुतणी ज्युलिया लिव्हिला हिच्याशी अनैतिक संबंध ठेवल्याचा आरोप त्याच्यावर आला. यामागे सम्राज्ञी मेसालिनाचा हात होता, असे सांगतात. शिक्षा झाली कॉर्सिका बेटावर हद्दपारीची. त्याच्या आधी वीस दिवसही झाले नव्हते तोच त्याचे तान्हे मूल वारले होते. त्या बेटावर त्याची आठ वर्षे गेली. तिथून त्याने आईला धीराचे पत्र लिहिले. ज्याच्यावर संकट कोसळले तोच दुसऱ्याचे सांत्वन करतो आहे, असे ते पत्र. त्याच बेटावरून त्याने सम्राटाच्या एका चिटणिसालाही पत्र लिहिले आणि त्यात क्लॉडियसची अशी स्तुती केली की वाचणाऱ्याला आज शरम वाटते. सेनेका हा असा माणूस होता.

कॅलिग्युलाच्या मृत्यूनंतरच्या दशकात रागावरचा तो ग्रंथ तयार झाला. थोरला भाऊ नोव्हाटस याने विचारले, राग शांत कसा करावा, म्हणून तो त्याला उद्देशून लिहिला आहे. थोड्या प्रमाणात राग उपयोगी असतो, लढताना तो शिपायासारखा कामी येतो, हे ॲरिस्टॉटलच्या परंपरेतले मत सेनेका मानत नाही. हुकूम पाळतो तो शिपाई. राग हुकूम पाळत नाही. मुलाला शिस्त लावायला, गुन्हेगाराला शिक्षा करायला, देशाचे रक्षण करायला राग लागत नाही, कर्तव्य पुरेसे असते. हे वाचताना मला माझी शिस्तप्रियता आठवली आणि कान तापले.

राग कसा चढतो, याच्या त्याने तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिला धक्का आपल्या हातचा नसतो. अंगावर गार पाणी पडले की शहारा येतो, तसा तो येणारच. दुसऱ्या पायरीवर मन त्या धक्क्याला होकार देते: माझ्यावर अन्याय झाला आहे आणि मी याचे उट्टे काढले पाहिजे. तिसऱ्या पायरीवर लगाम सुटलेला असतो. म्हणजे जे काय करायचे ते पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या मधल्या जागेत. तिथे त्याचे सर्वांत मोठे औषध म्हणजे उशीर. रागाला क्षमा करायला सांगू नका, फक्त थांबायला सांगा, असा त्याचा सल्ला आहे. यासाठी तो प्लेटोची गोष्ट सांगतो. गुलामाला मारण्यासाठी उगारलेला हात प्लेटोने तसाच वर धरून ठेवला आणि मित्राने विचारले तेव्हा सांगितले, की तो एका रागावलेल्या माणसाला शिक्षा करतो आहे.

बाकीचे उपाय तर आजीबाईच्या बटव्यातले वाटावेत असे. राग आला की आरशात पाहावे. आवाज चढवण्याऐवजी उतरवावा, सॉक्रेटिस तसे करी. भुकेल्या, दमलेल्या पोटी वादाचे विषय काढू नयेत. आपण नेमके कशाने चिडतो ते ओळखून तिथे आधी कुंपण घालावे. संतापी माणसांच्या संगतीत राहू नये. आणि मुख्य म्हणजे जगाकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. माणसे चुकणारच, हे धरून चालणाऱ्याला प्रत्येक चूक हा वैयक्तिक अपमान वाटत नाही.

आणि मग तो रात्रीचा हिशेब. त्यात सेनेकाने स्वतःच्याच नोंदी दिल्या आहेत. आज अमक्याशी वाद घालताना फार चढ्या सुरात बोललो. तमक्याची चूक दाखवली ती इतक्या उघडपणे, की तो सुधारला नाही, नुसता दुखावला. यापुढे असे करू नये, असे स्वतःला बजावून तो या वेळेपुरती स्वतःला माफी देऊन टाकतो आणि म्हणूनच त्याला शांत झोप लागते. ही माफी फार महत्त्वाची आहे. मी वही लिहू लागलो तेव्हा पहिले काही आठवडे स्वतःवरच संतापत असे. रागाचे बिल दुसऱ्याऐवजी माझ्या नावावर फाटे, एवढाच फरक. समुपदेशकांनी ते दाखवून दिले तेव्हा कुठे सुधारणा सुरू झाली.

नोव्हाटसला या ग्रंथाचा उपयोग झाला का? तो पुढे दत्तक जाऊन गॅलिओ झाला आणि ग्रीसमध्ये प्रांताधिकारी होता. बायबलमध्ये त्याचे नाव येते. करिंथ शहरात संतापलेल्या जमावाने सेंट पॉलला त्याच्यासमोर उभे केले, तेव्हा हा तुमच्या धर्मातला वाद आहे, माझ्या अखत्यारीतला नाही, असे म्हणून त्याने प्रकरण काढून टाकले. मात्र तिथेच पुढे नोंद आहे की, त्याच्या डोळ्यांदेखत एका माणसाला मारहाण झाली आणि गॅलिओने तिकडे लक्ष दिले नाही. राग नसणे आणि पर्वा नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे भाऊ कदाचित शिकायचा राहिला.

इ. स. ४९ मध्ये सेनेकाचे नशीब फिरले. मेसालिना मारली गेली होती आणि क्लॉडियसची नवी राणी ॲग्रिपिना हिने त्याला परत बोलावून आपल्या मुलाचा शिक्षक नेमले. मुलगा अकरा वर्षांचा, नाव नीरो. नेमणूक झाली त्या रात्री सेनेकाला स्वप्न पडले, की आपण कॅलिग्युलालाच शिकवतो आहोत, अशी कथा सुटोनियसने दिली आहे.

इ. स. ५४ मध्ये क्लॉडियस मेला आणि सोळा वर्षांचा नीरो सम्राट झाला. त्या वेळी सेनेकाच्या नावावर असलेले एक प्रहसन फिरू लागले. त्यात मेलेल्या क्लॉडियसची, त्याच्या लंगड्या चालीसकट, निर्दय टवाळी आहे. रागावर ग्रंथ लिहिणाऱ्याने आठ वर्षांच्या हद्दपारीचा राग मनात जपून ठेवला होता आणि संधी मिळताच तो वसूल केला, याशिवाय दुसरे काय म्हणणार?

पहिली काही वर्षे बरी गेली. सेनेका आणि सेनापती बुर्रस या दोघांनी साम्राज्याचा कारभार शहाणपणाने चालवला. पण इ. स. ५५ मध्ये नीरोचा सावत्र भाऊ ब्रिटॅनिकस जेवणाच्या पंगतीत विषाने मेला. त्यानंतर लवकरच सेनेकाने नीरोसाठी दयेवर पुस्तक लिहिले आणि त्यात सम्राटाचे हात रक्ताने माखलेले नाहीत म्हणून त्याचे कौतुक केले. इ. स. ५९ मध्ये नीरोने सख्ख्या आईला मारवले. सिनेटला पाठवायचा खुलासा लिहिला सेनेकाने. त्याचे समर्थन करणारे सांगतात, की तो दूर झाला असता तर आणखी वाईट घडले असते. नोकरी केलेल्या प्रत्येकाने हा युक्तिवाद कधी ना कधी केलेला असतो.

दरम्यान संपत्ती वाढत होती. टॅसिटस या इतिहासकाराने तिचा आकडा ३० कोटी सेस्टर्स दिला आहे. साधेपणावर लिहिणारा हा माणूस व्याजाने पैसेही देत असे. ब्रिटनमधल्या लोकांना दिलेले ४ कोटींचे कर्ज त्याने एकदम परत मागितले आणि तिथल्या बंडाचे तेही एक कारण झाले, असा डिओचा आरोप आहे. कर्जवसुलीच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला यातले गांभीर्य सांगायला नको.

इ. स. ६२ मध्ये बुर्रस वारला. सेनेका एकटा पडला. त्याने सारी मालमत्ता परत करून निवृत्त होण्याची परवानगी मागितली. नीरोने गोड बोलून ती नाकारली. मग तो आजारपणाच्या सबबीवर दरबार टाळू लागला आणि ल्युसिलियस या मित्राला पत्रे लिहीत बसला. त्यांतली १२४ पत्रे आज उपलब्ध आहेत. आपण वैद्य नाही, त्याच इस्पितळात शेजारच्या खाटेवर पडलेला रुग्ण आहोत, अशा अर्थाचे तो त्यांत एके ठिकाणी लिहितो. मला तो सर्वांत जवळचा वाटतो तो इथे.

इ. स. ६५ मध्ये नीरोविरुद्ध पिसो याचा कट उघडकीस आला. सेनेकाचा त्यात हात असल्याचा सबळ पुरावा नव्हता, तरी सम्राटाचा निरोप आला, की त्याने स्वतःचे जीवन संपवावे. टॅसिटसने त्या संध्याकाळचे वर्णन केले आहे. मृत्युपत्र लिहू देण्याची विनंती अधिकाऱ्याने फेटाळली. सेनेका चिडला नाही. रडणाऱ्या मित्रांना त्याने आयुष्यभराच्या अभ्यासाची आठवण दिली. आई आणि भावाला मारणारा गुरूला सोडेल, ही अपेक्षाच चूक होती, असेही त्याने त्यांना समजावले. पत्नी पॉलिना हिलाही त्याच्याबरोबर जायचे होते. तिला नीरोच्या हुकमाने वाचवण्यात आले. सेनेकाचा शेवट लवकर आला नाही. त्याला पुष्कळ यातना सोसाव्या लागल्या. त्या साऱ्या वर्णनात संतापाचा एकही उद्गार नाही. सत्तरीच्या उंबरठ्यावर, रोजच्या हिशेबाचे एवढे तरी फळ त्याच्या पदरात पडले. पुतण्या कवी लूकन त्याच वर्षी गेला. त्या काळातच दोन्ही भाऊही गेले.

त्याच रोममध्ये, नीरोच्या एका चिटणिसाच्या घरी एपिक्टेटस नावाचा एक गुलाम वाढत होता. तो पुढे तत्त्वज्ञ झाला. माणसाला घटना अस्वस्थ करीत नाही, घटनेविषयीचा त्याचा समज अस्वस्थ करतो, ही त्याची शिकवण. एकोणीस शतके उलटल्यावर, १९५५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी याच विचारावर आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी केली आणि हे ऋण मोकळेपणाने मान्य केले. ॲरन बेक यांनीही स्टोइकांचे नाव घेतले आहे. एलिस यांच्याशी पत्रव्यवहार करून मुंबईचे कि. मो. फडके यांनी ही पद्धत महाराष्ट्रात रुजवली. घटना, समज आणि परिणाम हे माझ्या वहीतले तीन रकाने असे रोमहून न्यूयॉर्कमार्गे आमच्या गावात पोचले होते.

मग प्रश्न उरतो, की असा वैद्य घरात असताना नीरोचे असे का झाले? मला वाटते, याचे उत्तर वहीतच आहे. ती दुसऱ्याने लिहून चालत नाही. सेनेका शिष्याला दयेवरचे ग्रंथ देऊ शकला, पण दिवा मालवल्यावर स्वतःला जाब विचारण्याची इच्छा देऊ शकला नाही. समुपदेशकही ती देऊ शकत नाहीत. ते रकाने आखून देतात, भरायचे आपणच. आणि सेनेकाचा स्वतःचा ताळेबंद? तो पुरता जुळत नाही. पण मेळ जमला नाही म्हणून आम्ही कधी वही फाडून टाकली नाही. फरक लाल शाईने लिहून दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो.

माझी वही अजून चालू आहे. वर्षभरातच मुलीचा रियाज माझ्या स्कूटरच्या आवाजाने थांबेनासा झाला. ही जमेची बाजू. आमच्या बँकेत ज्या रकमेचा ठाव लागत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. त्या वृद्ध गृहस्थांची माफी मागायची, असे मी ठरवले होते. पुढच्या नोव्हेंबरात ते येतील म्हणून थांबलो आणि तेवढ्यात माझी बदली झाली. रागाच्या बाबतीत उशीर हे औषध असले तरी माफीच्या बाबतीत ते नाही, हे मला त्यातून कळले. ती एक नोंद अजून सस्पेन्समध्येच आहे.